चिकलठाण्याचं स्थळ

नाशिकचा माणूस छत्रपती संभाजीनगरकडं जाऊन आला की आळीतले लोक दोनच गोष्टी विचारतात. लेणी पाहिलीत का? आणि नान खलिया खाल्लात का? मी चार दिवस त्या जिल्ह्यात काढले. वेरूळवरून तीनदा गेलो, तिन्ही वेळा जीप थांबली नाही. पाहिलं काय, तर मुलींच्या एका वसतिगृहाची पाण्याची टाकी, तिथला स्वयंपाक आणि एक न्हाणीघर. न्हाणीघर बाहेरूनच पाहिलं. आत माझ्या दाजींची थोरली बहीण अडकली होती.

असं मधूनच सुरू केलं की घरात मला बोलणी बसतात, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

मी बावन्न वर्षांचा, पाणीपुरवठा खात्यात कारकून. खात्यात माझी ख्याती अशी, की माझ्याकडून 'नाही' ऐकून कुणी परत गेलेला नाही. पाणी मिळतं असं नव्हे. नुसतं 'नाही' मिळत नाही. माझी धाकटी बहीण मंगल कन्नडला दिलेली आहे. जुलैतल्या एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. तिची धाकटी मुलगी शीतल दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती. साचे बनवण्याचा चार वर्षांचा डिप्लोमा. शुक्रवारी पाचपर्यंत कागद जमा केले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार. दाजी नाही म्हणत होते.

"दादा, तू ये आणि ह्यांना समजाव. मामाचा शब्द मोडायचे नाहीत."

मी हो म्हणालो.

अर्ध्या तासानं दाजींचा फोन. "पाव्हणं, तुमच्या बहिणीचं अन् भाचीचं, दोघींचं डोकं फिरलंय. पोरीनं लोखंड घासायचं म्हणत्यात. तुम्ही या अन् समजवा. मामाचं ऐकतील."

मी हो म्हणालो.

बायको शेजारी मेथी निवडत होती. तिनं दोन्ही हो ऐकले. "मग कुठल्या बाजूनं जाणार तुम्ही?"

"रेल्वेनं," मी म्हणालो.

बुधवार, लासूर स्टेशन

मनमाड मागं पडलं की हवा कोरडी होते आणि डब्यातलं बोलणं मोकळं होतं. आमच्याकडं अनोळखी माणसाला आधी 'कुठं उतरणार' विचारतात. इकडं आधी 'काहून चालले' विचारतात. समोरच्या बाबांना मी खरं कारण सांगितलं, तर निम्मा डबा पोरीच्या बाजूनं आणि निम्मा बापाच्या बाजूनं झाला. मी दोन्हीकडं मान हलवत लासूरला उतरलो.

इथं उतरायचं कारण सुरेखा, शीतलची थोरली बहीण. हिला सहा वर्षांपूर्वी लासूरच्या एका आडतवाल्यांकडं दिली. घर चांगलं, माणसं चांगली, दारात ट्रॅक्टर. ही बारावीला विज्ञान घेऊन पहिल्या वर्गात आली होती आणि तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. तेव्हाही मला बोलावलं होतं. तेव्हाही मी समजवायला गेलो होतो, आणि तेव्हाही सगळ्यांना हो म्हणून, अक्षता टाकून, जिलबी खाऊन परत आलो होतो.

सुरेखा दुकानात होती. धान्य मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा उघडून त्याच्या पोटात हात घालून बसली होती. भोवती दोन हमाल आणि सासरे आदबीनं उभे.

"मामा, बसा, हात लावू नका कशाला," ती म्हणाली. दोन तारा जोडल्या, झाकण बसवलं, वजनाचा ठोकळा ठेवून आकडा पाहिला. सासरे मला म्हणाले, "आख्ख्या मोंढ्यात कुणाचाबी काटा बिघडला तर हिलाच हाक मारत्यात." मोंढा म्हणजे इकडचा धान्यबाजार. बोलण्यात खरा अभिमान होता. मग त्याच अभिमानानं ते म्हणाले, "सुनबाई, पाव्हण्यांना चहा करा," आणि ती हात धुऊन आत गेली.

चहाबरोबर पोहे आले. सासूबाई जवळच गहू पाखडत होत्या, म्हणून सुरेखा सगळं हसत हसत बोलत होती.

"मामा, शीतलच्या भानगडीत चाललात ना? कुणाच्या बाजूनं?"

"अगं, मी काय, सगळ्यांच्याच..."

"माझ्या वेळीही सगळ्यांच्याच होतात. आठवतं? मला म्हणालात, शिकायलाच पाहिजे. वडिलांना म्हणालात, स्थळ सोडू नका. एकाच जिन्यात. मी खाली उभी होते."

मला पोह्यातली मिरची लागली. निदान मी तसं दाखवलं.

"रागावले नाही हो," ती म्हणाली. "इथं सगळं बरं आहे. काटे आहेत, माणसं आहेत. पण शीतलला काटे दुरुस्त करायचे नाहीत, तिला ते बनवायचेत. एवढं लक्षात ठेवा. आणि पोहे घ्या अजून."

तिथून देवगाव रंगारीमार्गे कन्नडला जीप मिळते. मिळते म्हणजे काय, तर बसायला मिळते असं नाही. माझ्या मांडीवर एका बाईंनी नवा कोरा कुकर ठेवला आणि गावापर्यंत मला विश्वासानं विसरून गेल्या. त्या कुकरवर मी तासभर तबला वाजवत सुरेखाच्या बोलण्याचा विचार करत होतो, आणि तो विचार टाळतही होतो. मला दोन्ही एकदम जमतं.

गुरुवार, कन्नड

नाशिकच्या माणसाला आपल्या मिसळीचा गर्व असतो. तो उतरवायला कन्नडचा ठेचा पुरेसा आहे. सकाळी भाकरी, ठेचा आणि येसराचा मसाला घातलेली आमटी समोर आली. मी पहिल्या घासाला "वा" म्हणालो. दुसऱ्या घासाला काहीच म्हणू शकलो नाही. गयाक्का, म्हणजे दाजींची बहीण, वय सत्तरीचं, समोर बसून माझ्याकडं बघत होती.

"पाव्हण्याचे डोळे भरून आले. बहिणीची लई माया हाय," ती म्हणाली.

दाजींनी मला अद्रकाच्या वाफ्यांतून फिरवलं. आम्ही आलं म्हणतो, इथं अद्रक म्हणतात. दाजी माणूस चांगला. पंपाची मोटार स्वतः खोलतात, कुणाशी मोठ्यानं बोलत नाहीत. पण बोलायच्या आधी माती उचलून चोळायची आणि चोळता चोळता समोरच्यावर जबाबदारी टाकायची, ही त्यांची रीत.

"पाव्हणं, मला शिकवायचं नाय असं नाय. बीए करू द्या, डीएड करू द्या. पर कानस घेऊन घासायचं? चार वर्षं? हात बघवतील का पोरीचे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

घरी आलो तर मंगल ओट्याशी. "दादा, पोरीचं डोकं त्यातच चालतं रे. दुसरीकडं घातली तर मरंल ती."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

शीतल तेवढी काही म्हणत नव्हती. दुपारी मी ओसरीवर बसून कंगवा फिरवत होतो. सवय म्हणून. कंगव्याला काम उरलंय असं नाही. ती समोर येऊन बसली.

"मामा, कंगव्याच्या कडेवरून बोट फिरवा. रेघ लागते?"

लागली. बावन्न वर्षांत कधी लागली नव्हती.

"साच्याचे दोन भाग असतात. ते जिथं एकमेकांना मिळतात तिथं ही रेघ येते. साचा जितका चांगला, तितकी रेघ बारीक. तुमचा कंगवा भंगार साच्यातला आहे."

"मामींनी दिलाय."

"मामींचा दोष नाही. साचा बनवणाऱ्याचा आहे." मग तिनं बाटलीचं बूच दाखवलं, बादली दाखवली, दाजींच्या चपलेची टाच दाखवली. सगळीकडं ती रेघ. "हे सगळं आधी कुणीतरी पोलादात उलटं कोरलेलं असतं. मला ते कोरायचंय. बाकी काही नाही."

तेव्हापासून मी जे हाताला येईल त्याची कड चाचपतो. परवा साहेबांच्या टेबलावरच्या पेनस्टँडची चाचपली. साहेबांनी पेनस्टँड ड्रॉवरमध्ये ठेवलं.

संध्याकाळी दाजींनी निकाल दिला. "मी काय राक्षस हाय का? उद्या जाऊन बघू. घर बघितल्याबिगर पोरगी कुठंच देत नसत्यात."

'घर' म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. या माणसांना पोरगी दुसरीकडं पाठवायची एकच रीत ठाऊक होती आणि तिची तपासणी करायचीही एकच. आमच्याकडं हल्ली स्थळाचं घर मोबाईलवर फोटोत पाहतात. इथं अजून अंगानं जातात, आणि न सांगता जातात. मी म्हणालो, "संस्थेला एक फोन करून कळवू या का?" तर अक्का म्हणाली, "कळवून गेलं तर घर दिसत नाय, झाडलोट दिसती." आणि तिनं पिशवीत नारळ टाकला.

शुक्रवार, चिकलठाणा

जीप रशीदभाईंची. अद्रकाच्या व्यापारातले दाजींचे जुने दोस्त. पुढं रशीदभाई, दाजी. मागं मंगल, अक्का, शीतल आणि मी. दाजींनी टोपी नवी घातली होती. अक्का लग्नाच्या बोलणीला नेसतात ते लुगडं नेसली होती.

वेरूळ आलं तसा मी हळूच म्हणालो, "पाचच मिनिटं..."

"लेणी कुठं पळून चालल्यात?" दाजी म्हणाले. "आमचा जन्म गेला इथून जाण्यात. आम्ही कुठं पाहिलीत?"

"काय बघायचं त्यात," अक्का म्हणाली. "रिकामटेकड्या बाप्यांनी डोंगर खोदला."

"बाप्यांनीच कशावरून, आत्या?" शीतल मागून म्हणाली. "कुठं लिहिलंय?"

"बायांना एवढा येळ कुठं व्हता!"

रशीदभाई स्टिअरिंगवर हात आपटून हसले. "भाऊ, अक्काला मास्तरीण करा. बच्चीलाही पढने दो."

"तुम्ही समोर बघा," दाजी म्हणाले.

बारा वाजता पोहोचलो. रशीदभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले. आम्ही सरळ आत जाणार नव्हतो, कारण स्थळाची चौकशी आधी शेजाऱ्यांकडं करतात. फाटकासमोर चहाची टपरी होती. दाजींनी पाच चहा सांगितले आणि आवाज खाली आणून टपरीवाल्याला विचारलं, "माणसं कशी हाईत समोरची?"

"कुठली?"

"समोरचीच. भांडणतंटा? पिणंबिणं?"

टपरीवाल्यानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडं. त्याला सवय असावी. "काका, इथल्या पोरी दुपारी येतात, हाताला काळं असतंय, एका चहाला तीन बिस्किटं खातात अन् कसल्यातरी मापांवरून एकमेकींशी भांडतात. दुसरं भांडण मी पाहिलं नाय."

फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम?"

"बघायला आलोय," दाजी म्हणाले.

"कुणाला?"

"तुम्हाला."

तो चक्रावला आणि आतून एका बाईंना घेऊन आला. चाळिशीच्या, सलवार-कमीजवर निळा कोट, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, गळ्यात दोरीला चष्मा. नसीमा मॅडम. कार्यशाळा यांच्या ताब्यात. त्यांनी आमची टोपी, लुगडं, नारळ असं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"स्थळ बघायला ना? या. पाण्याची टाकी त्या अंगाला आहे."

दाजी गोरेमोरे झाले. अक्का झाली नाही. ती निघालीसुद्धा.

पुढचे दोन तास अक्कानं ते वसतिगृह असं तपासलं, की आमच्या खात्यातला एखादा इन्स्पेक्टर तसं तपासता तर शहराला चोवीस तास पाणी मिळालं असतं. टाकीचं झाकण उघडायला लावलं. डाळीचा वास घेतला, मीठ चाखलं, आणि स्वयंपाकीणबाईंना त्यांचं माहेर विचारलं. ते फुलंब्रीकडचं निघाल्यावर डाळ पास झाली. मी मागून वही घेऊन चाललो होतो, कारण काहीतरी करतोय असं दिसणं दोन्ही पक्षांना बरं वाटत होतं.

शेवटी न्हाणीघर. "दाराची कडी महत्त्वाची," अक्का म्हणाली. "आतून नीट लागती का बघते." आत गेली. कडी लावली. लागली.

मग निघेना.

"जोर लावा अक्का," मी बाहेरून म्हणालो.

"तू सांगायच्या आधीपासून लावतेय," आतून आवाज आला.

तीन-चार मुली धावत आल्या. एकीच्या खिशातच पेचकस होता. लगेच वाद सुरू झाला, कडीकडून जायचं का बिजागरीकडून. "बिजागरीचे स्क्रू बाहेर आहेत, तिकडून काढ." "दार खाली बसलंय, वजन कडीवर आलंय, आधी दार उचल." हे दुसरं बोलणारी आमची शीतल होती. तिला इथं अजून प्रवेश नव्हता, पण दाराला ते ठाऊक नव्हतं. तिनं दाराखाली पाय घालून दार सूतभर उचललं आणि ओरडली, "आत्या, आता ओढ!" कडी खटकन निघाली.

अक्का पदर सावरत बाहेर आली. आम्हाला वाटलं, आता संपलं सगळं.

"कडी लई मजबूत हाय," तिनं दाजींना सांगितलं. "माझ्याच्यानं निघाली नाय म्हंजे बाहेरच्याच्यानं काय उघडती? पोरीला भ्या नाय."

मॅडमनी मग कार्यशाळा दाखवली. मोठी यंत्रं पलीकडं, पण अलीकडच्या बाकावर पहिल्या वर्षाच्या मुली नुसत्या कानशीनं लोखंडाचे ठोकळे घासत होत्या. एक मुलगी आपला ठोकळा खिडकीकडं धरून त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनाची पोलादी पट्टी, टेकवून एक डोळा मिटून बघत होती. ठोकळा आणि गुण्या यांच्यामधून उजेड दिसला तर पृष्ठभाग सपाट नाही, पुन्हा घासायचं. एवढाच नियम.

दाजींनी टोपी मागं सारली आणि वाकून पाहिलं. "मला तर काय दिसत नाय."

"दिसतंय काका. डाव्या कोपऱ्यात. केसापेक्षा कमी."

दाजींनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तिचे हात पाहिले. काळे होते, अंगठ्याशी फोड होता. 

साडेतीनला आम्ही मॅडमच्या खोलीत बसलो. दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, पाणी बरं हाय. जेवण बरं हाय. माणसं बरी हाईत. पर नाय जमायचं. काहून ते आमचे पाव्हणे सांगतील. त्यासाठीच नाशिकवरून आणलेत त्यांना."

"तुम्ही आणलेत?" मंगल म्हणाली. "मी आणलाय. माझ्या बाजूनं बोलायला."

"तुझ्या? ते सोमवारी मला हो म्हणलेत."

"मला त्याच्या आधी म्हणालाय."

खोलीत पंख्याचा आवाज मोठा झाला. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे सुपारी दोन्हीकडून घेतली व्हय?"

मी पाणी मागितलं. मॅडमनी पेला पुढं केला. "दरसाल एक तरी मामा येतो इथं. घ्या पाणी, आणि बोला. पाचला खिडकी बंद होते."

मी जे बोललो ते चांगलं बोललो असतो तर इथं मिरवून लिहिलं असतं. तसं झालं नाही. आवाज बारीक निघाला. सुरुवात मी अद्रकाच्या वाफ्यांपासून केली, ती का केली हे मला अजून कळलेलं नाही. मग एकदम म्हणालो, "दाजी, सुरेखाच्या वेळी मी दोघांना हो म्हणालो. तुम्हालाही आणि तिलाही. ते खोटं होतं. म्हणजे एक खोटं होतं. मला वाटत होतं की तिनं शिकावं. तुमच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही."

दाजी जमिनीकडं बघत होते. "ते घर आपण लई नीट पाहिलं होतं, पाव्हणं."

"पाहिलं होतं."

"इहीर पाहिली. चौकशी केली. माणसं चांगलीच निघाली."

"चांगलीच आहेत. बुधवारी पाहून आलो."

"मंग?"

"मग काही नाही. चांगल्या माणसांत आहे. मोंढ्याचे काटे दुरुस्त करते, आणि मग चहा करायला आत जाते."

मंगलनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता दाजी उठतील. तेवढ्यात मॅडम शीतलकडं वळल्या. "आणि तू? तुला काही विचारायचंय का?"

शीतलनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून घडी केलेला कागद काढला. "मॅडम, पहिल्या वर्षी यंत्राला हात लावू देतात, का नुसतं घासायचं?"

"सहा महिने घासायचं. हाताला कळल्याशिवाय यंत्राला कळत नाही."

"पोलाद कडक करायची भट्टी इथंच आहे का बाहेरून करून आणता?"

"इथंच."

"मुलींना भट्टीवर लावता?"

"मी स्वतः पहिली होते. अब्बा जुन्या शहरात सायकली दुरुस्त करायचे. ते पण असेच आले होते बघायला. दिवसभर बसले, घरी जाऊन अम्मीला म्हणाले, पोरगी भट्टीजवळ उभी राहते, मला तर जवळ जाववेना."

"शेवटच्या वर्षी साचा स्वतःचा करायचा, का दिलेल्या चित्रावरून?"

"स्वतःचा. चित्रही स्वतःचं."

शीतलनं तीन ठिकाणी खुणा केल्या आणि कागदाची घडी घातली.  आम्ही चार मोठी माणसं तीन तास त्या आवारात फिरलो होतो. पाणी विचारलं, डाळ विचारली, स्वयंपाकिणीचं माहेर विचारलं. इथं शिकवतात काय, हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. माझ्या वहीतसुद्धा नव्हतं, आणि वहीची चार पानं भरली होती.

दाजींनी घसा खाकरला. "बाई, समजा नाय आवडलं तिला. मंग?"

"मग घेऊन जा."

"कधीबी?"

"कधीही. फोन करा, या, घेऊन जा. पोरगी शिकायला ठेवताय भाऊ, नांदायला नाही."

दाजींनी हे दोनदा मनात म्हटलं असावं. ओठ हलले. मग ते म्हणाले, "कागद कुठला भरायचा?"

शीतल उठून उभी राहिली. मंगलनं मला चिमटा काढला; आनंदाचा होता, पण लागला. मॅडमनी फॉर्म काढला आणि म्हणाल्या, "शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्या."

दाजी पंख्याकडं पाहू लागले.

"तो कपाटात नव्हता," मंगल म्हणाली. "मी परवा तीनदा पाहिलं. अहो? दाखला कुठंय?"

"घरीच ऱ्हायला."

"घरी कुठं?"

"अद्रकाच्या पोत्याखाली," दाजी पंख्यालाच म्हणाले.

चार वाजून गेले होते. कन्नड दीड तासावर. शीतल पुन्हा खाली बसली. तिनं कागदाची घडी आणखी बारीक केली, मग आणखी बारीक. मी आजवर बरेच निराश लोक खिडकीच्या पलीकडं पाहिले आहेत, पण त्यांच्या शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं.

अक्कानं पिशवी मांडीवर घेतली. नारळ काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्याच्या खालून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला दाखला काढला.

"बघायला जाताना पोरीची पत्रिका घ्यावी लागती. माझी पत्रिका म्हंजे हा दाखलाच, असं शीतलच म्हणली होती एकदा. कुबट वास मारतोय जरा, पर वाचता येतो."

"तुला कुणी सांगितलं पोत्याखाली हाय म्हणून?" दाजी म्हणाले.

"ल्हानपणी गोट्याबी तिथंच लपवायचास तू. मला इचारून लपवला असतास तर चांगली जागा दाखवली असती."

फॉर्म भरला. दाजींनी सही केली. खाली आणखी एक ओळ होती, पालकांखेरीज एका जबाबदार नातेवाइकाची. दाजींनी पेन माझ्याकडं केलं.

"करा. सुरेखाच्या वेळी तुम्ही नुसतंच हो म्हणून गेलात. आता कागदावर नाव लिवा. उद्या पोरगी रडत आली तर तुमच्या दारात आणून सोडीन."

"सोडा," मी म्हणालो.

"हो म्हणू नका उगं."

"सोडा म्हणालो दाजी."

मी सही केली. बत्तीस वर्षं नोकरीत रोज शंभर सह्या करतो, पण त्या सगळ्या कुणा वरच्याच्या आदेशावरून. खिडकीत कागद गेले तेव्हा पाचला दहा कमी होते. परतताना वेरूळजवळ मी काही बोललो नाही, आणि जीपही थांबली नाही.

नान खलिया मात्र मी शनिवारी खाल्लं. मला गाडीला सोडायला आलेल्या रशीदभाईंनीच शहागंजच्या बाजूला नेलं. पिवळंधमक मोठं नान, सोबत मटणाचा खलिया, वर तर्री. त्याबद्दल सविस्तर लिहिणार होतो, पण घरी आल्यापासून बायको विचारतेय की भाचीच्या प्रवेशाला गेलेला माणूस एवढं जेवला कसा, म्हणून आवरतं घेतो.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी कार्यालयात दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, काल पोरगी रडली फोनवर. चौथ्यांदा ठोकळा परत दिला बाईंनी. हाताला फोड आलेत म्हणली."

 सही आठवली. "मग दाजी? घेऊन येताय का इकडं?"

"आज सकाळीच गेलो व्हतो आणायला. रशीदभाईची जीप घेऊन."

"मग?"

"येत नाय म्हणली. ठोकळा अजून सपाट व्हायचाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

 मागं मोटारीचा आवाज येत होता, मळ्यात असावेत.

"काय करतो. बसलो बाकावर. ती घासायची, उजेडाला धरायची, परत घासायची. जेवायचीबी सुट्टी झाली, पर उठेना. मंग मलाबी उठता येईना."